सवलत तिकिटाला, पायरीला नाही

अपंगांसाठी शहरे सुगम करण्याचा कार्यक्रम सरकारने 3 डिसेंबर 2015 रोजी ‘सुगम्य भारत अभियान’ या नावाने हाती घेतला. पहिल्या फेरीला निवडली 50 शहरे, आणि त्या शहरांतल्या मोजक्या सरकारी इमारती. 2011 च्या जनगणनेनुसार देशात 2.68 कोटी अपंग, त्यांतले 1.86 कोटी खेड्यांत राहणारे. शहरात घर नसले, तरी शहराशी गाठ त्यांचीही पडतेच.

आदिलाबाद जिल्ह्यातले बाजारहत्नूरच घ्या. गाव मंडलाचे ठिकाण, पण अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांपुढे उभे राहायचे ते जिल्ह्याच्या ठिकाणी. तेलंगणातले महिना 4016 रुपयांचे अपंग पेन्शन त्या दाखल्यावर अडलेले. म्हणजे चालता येत नाही हे सिद्ध करायला आधी आदिलाबादपर्यंत जाऊन दाखवायचे!

जायचे बसने. बसची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याला लागते. दोन्ही कुबड्या एका हातात गोळा करायच्या, दुसऱ्या हाताने दारातला दांडा धरायचा आणि सगळे अंग त्या एका हातावर वर ओढायचे. मागून लोकांचा रेटा, पुढून कंडक्टरची घाई. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तर कुणीतरी उचलूनच घ्यावे लागते. आत राखीव जागेवर आधीच कुणीतरी ऐसपैस बसलेला. तिकिटात निम्मी सवलत आहे. पायरीत एका इंचाचीही नाही.

कायदा नाही असे नाही. 2016 च्या अपंग हक्क कायद्याने सरकारी इमारती सुगम करायला नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम आले जून 2017 मध्ये. मुदत 2022 मध्येच सरली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या नियमांतला नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला, कारण त्यातली मानके नुसत्या शिफारशी होत्या, बंधन नव्हते. सक्तीची मानके तीन महिन्यांत करा, असेही बजावले.

मानके दिल्लीत ठरोत. तोवर थांब्यावर बसच्या पायरीला लागेल असा सिमेंटचा ओटा आणि त्यावर चढायला बारा फुटांत एक फूट असा उतार बांधायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. डॉक्टरांची तुकडी एका जीपमध्ये मावते. दाखल्याचे पुढचे शिबिर जिल्हा प्रशासनाने बाजारहत्नूरलाच घ्यावे. डॉक्टरांना पायऱ्या चढता येतात.