मुदत संपलेली आहे

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सुगम्यतेच्या बाबतीत मोघम मुळीच नाही. त्याच्या कलम 40 ने नियम करण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर टाकली, कलम 44 ने ते नियम न पाळणाऱ्या नकाशाला मंजुरी व इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देण्यास मनाई केली, आणि कलम 45 ने, नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांच्या आत, अस्तित्वात असलेल्या सर्व सार्वजनिक इमारती सुगम्य कराव्यात असे फर्माविले. परंतु जून 2017 मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांपैकी 15व्या नियमाने ज्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखविले, ती बहुतांशी शिफारशीच्या भाषेत लिहिलेली असल्यामुळे, संसदेने जे कर्तव्य म्हणून सांगितले ते कचेऱ्यांच्या कारभारात ऐच्छिक होऊन बसले. राजीव रतुरी यांनी 2005 साली दाखल केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरविला, आणि किमान निकषांचे बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश केंद्राला दिला.

या निर्णयाचे स्वागत करीत असतानाच त्यातून निघू शकणाऱ्या एका पळवाटेकडे लक्ष वेधणे अगत्याचे वाटते. जून 2022 मध्ये पाच वर्षांची मुदत सरली. आता नवे नियम अधिसूचित होताच ती मुदत पुनश्च पहिल्या दिवसापासून मोजावी, असा युक्तिवाद एखाद्या खात्याने केला, तर कायद्याच्या शब्दांत त्याला वरकरणी आधार सापडेल. तथापि नियमकर्त्याच्या दोषाचा लाभ कसूर करणाऱ्यालाच मिळावा आणि त्याची किंमत ज्याचा हक्क डावलला गेला त्याने आणखी पाच वर्षे मोजावी, हा अर्थ कायद्याच्या हेतूवरच उलटणारा आहे. शिवाय ज्या राज्यांची तयारी अपुरी असेल त्यांना प्रकरणपरत्वे मुदतवाढ देण्याची तजवीज कलम 45 मध्येच आहे. जुन्या वास्तूंतील जागेच्या व खर्चाच्या खऱ्या अडचणींना तेवढी वाट पुरेशी आहे, सबब सरसकट सवलतीचे प्रयोजन उरत नाही. नव्या नियमांतच तसा स्पष्ट खुलासा असावा.

दुसरी अपेक्षा मोजमापाची. उतरत्या मार्गाचा चढ 1:12 पेक्षा तीव्र नसावा हा सर्वमान्य निकष घेतला, तर अवघ्या 60 सेंटिमीटर उंचीच्या जोत्यासाठी 7.2 मीटर लांबीचा मार्ग लागतो. तेवढ्याच चढासाठी दोन मीटरांचा सिमेंटचा उतार ओतून तपासणीच्या तक्त्यात ‘रॅम्प आहे’ असा शेरा मारला, तर नियमाचे पालन कागदावर होते आणि चाकाच्या खुर्चीवरचा माणूस बाहेरच राहतो. म्हणून किमान निकष आकड्यांत बांधलेले असावेत. ते कालमानाप्रमाणे उंचावता यावेत, पण खाली आणता येऊ नयेत. आणि त्यांची फेरतपासणी ठराविक अवधीने, दिव्यांग नागरिकांना बरोबर घेऊन व्हावी.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत अडथळाविरहित प्रवेशाच्या तरतुदी आहेत आणि भोगवटा प्रमाणपत्रावरची सही स्थानिक प्राधिकरणाच्या हाती आहे. केंद्राच्या नियमांची वाट न पाहता, प्रत्यक्ष मोजणीचा अहवाल जोडल्याखेरीज ती सही होऊ नये, एवढा हुकूम काढण्यास राज्याला कोणाचीही आडकाठी नाही.