ड्रॅकोनियन म्हणजे काय रं?



तालुक्याच्या मोर्चात शहरातून आलेले एक पाहुणे भाषणात म्हणाले, "हा जंगल कायदा ड्रॅकोनियन आहे." टाळ्या झाल्या. आम्ही पण वाजवल्या. परत येताना एका आजीने विचारलं, "तो ड्रॅको का काय, तो कोण रं?" आमच्यातले बारावी शिकलेलेही गप्प. म्हणून शोधून काढलं.

ग्रीस देशात अथेन्स नावाचं नगर आहे. तिथे 2600 वर्षांमागे कायदा बड्या घराण्यांच्या तोंडात असे. ते बोलतील तो न्याय. ड्रॅकोने पहिल्यांदा कायदे लिहून काढले. पण कसे? फळं, भाजी चोरली तरी मरणाची शिक्षा! हे कायदे शाईने नाही, रक्ताने लिहिलेत, असं पुढे म्हणू लागले. त्याच्या नावावरून अतिकडक कायद्याला इंग्रजीत ड्रॅकोनियन म्हणतात.

आता आपला कायदा बघा. 1927 चा, इंग्रजांनी केलेला. राखीव जंगलात शिरलं, गुरं चारली, झाड तोडलं की गुन्हा. मूळ कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर 500 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. बैल, गाडी, कोयता जप्त. वॉरंटशिवाय अटक. आणि कलम 69 म्हणतं, जंगलातला माल सरकारचाच धरायचा. नाही म्हणायचं तर शाबीत आपण करायचं.

म्हणजे शब्द बरोबर आहे. पण तो आपल्याला पुरत नाही. कायदा 'कडक' आहे म्हटलं की सरकार म्हणेल, बरं, सौम्य करतो. 500 चा दंड 50 केला, तरी मोळी चोरीचीच राहिली ना? आपण चोरच राहिलो ना? अथेन्सच्या चोराने भाजी दुसऱ्याची तरी उचलली होती. इथे बापजाद्यांपासून ज्याने राब भाजला, नागली पिकवली, जंगल राखलं, तोच चोर! शिक्षा किती, हा नंतरचा प्रश्न. जंगल कोणाचं, हा पहिला.

ड्रॅकोच्या कायद्यांचं पुढे काय झालं तेही ऐका. ते तीस वर्षंही टिकले नाहीत. कर्जापायी गरीब माणसं गुलाम होत होती. त्यांची खदखद वाढली, तेव्हा सोलोन नावाच्या माणसाकडे कारभार दिला. त्याने खुनाचे सोडून ड्रॅकोचे सगळे कायदे रद्द केले. कर्जं बुडवली, गुलाम सोडवले, शेतात रोवलेले सावकारीचे दगड उपटले. पण गरिबांनी जमिनीचं वाटप मागितलं होतं, ते काही त्याने दिलं नाही. म्हणून भांडण मिटलं नाही.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. लिहिलेला कायदा पुसता येतो, आणि रोवलेला दगड उपटता येतो. मग आपल्या प्लॉटातले फॉरेस्टचे दगड काय कायमचे आहेत? दुसरी गोष्ट, दंड कमी झाला म्हणून खूश होऊन घरी बसायचं नाही.

आजीला आम्ही हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग दंड कमी नको मागू. जागा नावावर माग."

पाड्याच्या बैठकीत हे वाचून दाखवा.

कसेल त्याचा प्लॉट, राखेल त्याचं जंगल!