चित्रातली ती कुणीकडे बघते?

बालमित्रांनो, तुमच्या घरी, दुकानात नाहीतर शाळेच्या भिंतीवर लक्ष्मीचं किंवा सरस्वतीचं चित्र असेलच. काठपदराची साडी, अंगभर दागिने, शांत चेहरा. देवी अशीच दिसते, असं आपण धरूनच चालतो. पण ही ठेवण घरोघर रुजवली ती राजा रविवर्मा या चित्रकारानं. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली चित्रं साध्या माणसालाही परवडत. ती घराघरांत गेली, आणि सुंदर बाई म्हणजे कशी, हेही त्यांच्याबरोबर गेलं.

त्यांचं शकुंतलेचं चित्र मिळालं तर जरूर बघा. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून ती थांबलीय. खरं तर तिला मागं वळून दुष्यंताला बघायचंय. चित्र सुरेखच आहे, वादच नाही. पण तिला एकदा बघायचं तर काट्याचं ढोंग करावं लागतं, आणि आपण मात्र तिला हवं तितका वेळ बघत बसतो!

आम्हा माहूरकरांना हे चटकन कळायला हवं. रेणुकामातेची कथा इथं लहान पोरांनाही पाठ असते. ती पाणी आणायला गेली, जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वराजाकडे तिचं लक्ष गेलं आणि परतायला उशीर झाला. तेवढ्यावरून जमदग्नींनी मुलांना तिचं शिर उडवायला सांगितलं. थोरल्यांनी नकार दिला. परशुरामानं आज्ञा पाळली, आणि मग वर मागून आईला परत जिवंत केलं. आता सांगा, तिचा अपराध काय? बघणं. आणि गडावर देवीची पूर्ण मूर्ती नाही, तांदळा आहे, म्हणजे फक्त मुख. रांगेतून पुढं सरकत गाभाऱ्याशी पोचलं, की तीच आपल्याकडे बघत असते.

माझ्या वर्गात ‘आमचं शेत’ असा विषय दिला की बहुतेक वह्यांत औत धरलेले बाबा आणि डोक्यावर भाकरीचं टोपलं घेतलेली आई येते. आमच्याकडे कापूस वेचतात त्या बहुतेक बायकाच. हीच मुलं सुट्टीच्या दिवशी आईबरोबर वेचणीला जातात. तरी कागदावर आई नटूनथटून बांधावर उभी! हे मुलांनी कुठून उचललं? कॅलेंडरं, सिनेमाची पोस्टरं, आणि हो, आमची पाठ्यपुस्तकंसुद्धा.

दूर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १९८९ साली ‘गरिला गर्ल्स’ नावाच्या कलावंत बायकांच्या गटानं मोजदाद केली. आधुनिक कलेच्या दालनांत स्त्री चित्रकार शंभरात पाचसुद्धा नव्हत्या. भिंतीवरच्या चित्रांत मात्र बायका भरपूर.

म्हणजे बायकांना चित्र येत नव्हतं का? रविवर्म्यांची सख्खी बहीण मंगलाबाई चित्रकार होती. तिनं भावाचं चित्र काढलंय. तिथं न्याहाळणारी बहीण, आणि न्याहाळला जाणारा भाऊ! भावाचं नाव देशभर झालं. बहिणीचं तुम्ही आज पहिल्यांदाच वाचत असाल. मुंबईच्या अंबिका धुरंधर यांचा जन्म १९१२ चा. १९३१ साली त्यांनी जे. जे. कलाशाळेची पदविका मिळवली. वडील म. वि. धुरंधर स्वतः नामवंत चित्रकार आणि त्याच शाळेत शिक्षक. मुलीच्या हातात कुंचला देणारे वडील तेव्हा कितीजणींना होते?

म्हणून पालकांनाही थोडं सांगते. मुलगी दारात उभी राहून रस्ता बघत असली, की आपण लगेच ‘आत हो’ म्हणतो. मुलगा तासभर पारावर बसून येणारं-जाणारं बघतो, त्याला कुणी हटकत नाही. चित्र काढायचं तर आधी टक लावून बघावं लागतं. ते दारातूनच सुरू होतं.

तर मुलांनो, या रविवारी आईचं चित्र काढा. ती जे काम करत असेल ते करतानाचं, घामासकट. मग पेन्सिल तिच्या हातात द्या आणि तिच्यासमोर गप्प बसा. ‘मला मेलीला कुठं येतंय?’ असं ती म्हणेल. तरी उठू नका. तिला तुमचं चित्र काढू द्या.