मोरोक्कोत कारखाने आले, नोकऱ्या कुठे आहेत?

टँजियर-मेड बंदराची एक चित्रफीत सध्या मला वेगवेगळ्या ग्रुपवरून पुन्हा पुन्हा येते. उंच क्रेन, रंगीत कंटेनरच्या भिंती, जहाजात चढणाऱ्या नव्याकोऱ्या गाड्या. खाली एक ओळ असते : बघा, मुस्लिम देश किती पुढे गेला! आनंद होणे साहजिक आहे. मुस्लिम देश म्हटले की आपल्यासमोर एक तर तेलाच्या पैशावर उभी शहरे येतात, नाही तर युद्धाने उद्ध्वस्त झालेली. मोरोक्को या दोन्हींत बसत नाही. त्याच्याकडे सांगण्यासारखे तेल नाही. जे उभे केले ते धोरणाने. म्हणूनच नुसता अभिमान बाळगून थांबू नये, असे मला वाटते.

उभे काय केले, ते आधी मान्य करू. युरोप समोर दिसतो, सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी 14 किलोमीटरची. या जागेचा फायदा घेत 2007 मध्ये बंदर सुरू झाले आणि 2024 मध्ये तिथे एक कोटीहून अधिक कंटेनरची (वीस फुटी मापाने) ने-आण झाली. 2012 मध्ये रेनोचा कारखाना टँजियरजवळ आला, 2019 मध्ये प्यूजोचा केनित्रात. 2018 मध्ये टँजियर ते कासाब्लांका अतिजलद रेल्वे धावू लागली, आफ्रिकेतली पहिलीच. आज गाड्या आणि त्यांचे सुटे भाग हीच मोरोक्कोची सर्वांत मोठी निर्यात आहे. 2022 च्या गुंतवणूक कायद्यानुसार मोठ्या प्रकल्पाच्या खर्चातला 30 टक्क्यांपर्यंतचा वाटा सरकार उचलू शकते.

दुसरा आधार फॉस्फेटचा. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी सुमारे 70 टक्के मोरोक्कोच्या ताब्यात आहे आणि तो 1920 पासून ओसीपी ही सरकारी कंपनी काढते. हे आपल्यापासून फार लांबचे नाही. खरिपाच्या तोंडावर आपला शेतकरी ज्या ‘अठरा-सेहेचाळीस’च्या गोणीसाठी दुकानासमोर रांग लावतो, त्यातला स्फुरद बऱ्याच वेळा तिथून आलेला असतो. गोव्याच्या झुआरी खत उद्योगाची ओसीपीशी जुनी भागीदारी आहे. मात्र या फॉस्फेटचा एक हिस्सा बू-क्रा इथला आहे, म्हणजे पश्चिम सहारातला. त्या भूमीच्या मालकीचा वाद अजून मिटलेला नाही. युरोपीय न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये सांगितले की सहरावी जनतेच्या संमतीशिवाय त्या भूमीला लागू केलेले शेती आणि मासेमारीचे करार वैध नाहीत. गुंतवणूकदारांसाठी छापलेल्या चकचकीत नकाशांवर ही वादाची रेषाच नसते. पॅलेस्टाईनच्या जमिनीबद्दल बोलणाऱ्या आपल्या तरुणांनी ही रेषाही पाहावी.

पण मला सर्वांत जास्त विचारात टाकले ते 2025 च्या बकरी ईदने. फेब्रुवारीत राजे सहावे मोहम्मद यांनी जनतेला आवाहन केले की यंदा कुर्बानी करू नका, सर्वांच्या वतीने मी करेन. सलग सहा-सात वर्षे दुष्काळ होता. मेंढ्या-बकऱ्यांची संख्या 2016 च्या तुलनेत 38 टक्क्यांनी घटली होती आणि मटण गरिबाच्या हाताबाहेर गेले होते. त्यांचे वडील हसन दुसरे यांनाही 1996 मध्ये हेच सांगावे लागले होते. निर्णय शहाणपणाचा होता. पण त्याच काळात मोरोक्कोतून युरोपला टोमॅटो, अॅव्होकॅडो आणि बेरी जातच होत्या. 2008 च्या ‘हरित मोरोक्को’ योजनेने ठिबकला अनुदान दिले. त्यातून पाणी वाचले कमी आणि पाणी पिणारी पिके वाढली जास्त. (टँकर आणि ऊस एकाच तालुक्यात पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.) निर्यात वाढली म्हणून शेती क्षेत्राची वाहवा झाली. गहू मात्र बाहेरून आणावा लागतो, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला मेंढ्या उरल्या नाहीत. ती योजना राबवणारे शेतीमंत्री अझीझ अखन्नुश, देशातले बडे इंधन उद्योजक, 2021 मध्ये पंतप्रधान झाले.

आता तरुणांकडे या. 2024 मध्ये 15 ते 24 वयोगटातले सुमारे 37 टक्के बेरोजगार होते आणि पदवीधरांत जवळपास पाचातला एक. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रिया पाचात एकच. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस हीच मुले रस्त्यावर आली. देशाचा फोन कोड 212, म्हणून स्वतःला ‘जेन झी 212’ म्हणवून घेणारी, नेता नसलेली, डिस्कॉर्डवर चर्चा करून ठरवणारी. अगादीरच्या सरकारी रुग्णालयात बाळंतपणात काही स्त्रियांचा मृत्यू झाला होता, आणि तिकडे 2030 च्या विश्वचषकासाठी स्टेडियम उभी राहत होती. स्टेडियम दिसतात, दवाखाने कुठे आहेत, हा त्यांचा सवाल होता. गोळीबारात तिघे गेले. त्यानंतर सरकारने आरोग्य आणि शिक्षणासाठी 140 अब्ज दिरहमची तरतूद जाहीर केली.

‘गुंतवणुकीचे वातावरण’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. हे वातावरण मोजतो कोण? पैसा घेऊन येणारा. जमीन किती दिवसांत मिळते, कर किती माफ होतो, नफा बाहेर नेता येतो का. या परीक्षेत मोरोक्को चांगल्या गुणांनी पास आहे. पण अनुदान भांडवलाला आहे, आणि भांडवलातून यंत्रे येतात. यंत्रांसोबत माणसे लागतीलच असे नाही. कारखान्याच्या कुंपणाबाहेरचा छोटा उद्योग कर्जासाठी दार ठोठावत राहतो. 2017 पासून तिथे बिनव्याजी ‘सहभागी’ बँका आहेत. त्यांचे नाव ऐकून मला आशा वाटली होती. पण त्यांचा बहुतेक व्यवहार मुराबहाचा, त्यातही घर खरेदीचा आहे. नवा धंदा सुरू करणाऱ्या मुलाच्या नफ्यातोट्यात भागीदार व्हायला त्या फारशा पुढे येत नाहीत. नावात सहभाग आहे, जोखमीत नाही.

राजांनी 2022 मध्ये लक्ष्य दिले होते : 2026 पर्यंत 550 अब्ज दिरहमची खासगी गुंतवणूक आणि पाच लाख नोकऱ्या. पहिल्या आकड्याचा हिशेब गुंतवणूकदार ठेवतीलच. पुढच्या वेळी ती चित्रफीत आली, तर ती पाठवणाऱ्याला मी दुसऱ्या आकड्याबद्दल विचारणार आहे.