तुरटीचं बारसं

परवा आमची कन्या घामाच्या वासावरचा एक इलाज घेऊन आली. देखण्या डबीत उभा केलेला गुळगुळीत पांढरा खडा. "बाबा, हा मिनरल क्रिस्टल डिओडरंट. ओला करायचा आणि काखेत फिरवायचा. संपूर्ण नैसर्गिक, अॅल्युमिनियम-फ्री!" किंमत रुपये ४९० फक्त. हा 'फक्त' तिचा.

खडा अजून कोरा होता, म्हणून मी तो जिभेला लावला. तोंड आवळलं, गाल आत गेले आणि जुनी ओळख पटली.

"अगं, ही तर आपली तुरटी!"

खोक्याच्या पाठीवर, मुंगीनंही चष्मा लावून वाचावं अशा अक्षरात घटकांची यादी होती. यादी कसली, एकच नाव: पोटॅशियम अॅलम. म्हणजे तुरटीच. पोटॅशियम आणि अॅल्युमिनियम यांचं हे सल्फेट पाण्याचे बारा रेणू बरोबर घेऊनच स्फटिक होतं. वजनात पंचेचाळीस टक्क्यांच्या वर पाणीच. म्हणजे ४९० पैकी सव्वादोनशे रुपये शब्दशः पाण्यात गेले!

तेही सोसलं असतं. पण ज्याच्या पुढे 'फ्री' असं छापलंय, ते अॅल्युमिनियम तिच्या पोटातच बसलंय, त्याचं काय? उद्या 'साखरमुक्त' अशी चिठ्ठी लावून कोणी बत्तासे विकले तर आपण पोलिसांत जाऊ.

कन्या शिकलेली आहे. ती म्हणाली, "बाबा, घामाची छिद्रं बुजवतं ते अॅल्युमिनियम क्लोरोहायड्रेट. ते यात नाही." कबूल. मग तेवढंच छापा ना! घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. तो त्वचेवरच्या जिवाणूंचा उद्योग. तुरटी त्या जिवाणूंना आवरते. साधं, खरं काम आहे. पण खरं सांगून ४९० रुपये कोण देणार? म्हणून आधी अॅल्युमिनियमनं कर्करोग होतो अशी हूल उठवायची, ज्याचा ठोस पुरावा संशोधकांना मिळालेला नाही, आणि मग घाबरलेल्या पोरींना उतारा म्हणून अॅल्युमिनियमच विकायचं! माझा राग आहे तो याचा. पैसे काय, मी यापेक्षा वाईट ठिकाणी घालवलेले आहेत.

आणि 'नैसर्गिक' म्हणाल, तर बाजारातली बरीचशी तुरटी कारखान्यात, सल्फ्युरिक आम्लाच्या मदतीनं जन्माला येते. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मीही इस्पितळातच जन्मलो.

हे ऐकून आमच्या वन्सं, म्हणजे सौ.च्या वन्सं आणि माझी धाकटी बहीण, खूष झाल्या. "बघ, आपलं जुनं तेच सोनं! गुलाबपाण्यात तुरटी घालून लाव, सुरकुत्या जातात, रंग उजळतो." तेव्हा मला दुसरी आघाडी उघडावी लागली. तुरटी कातडी घटकाभर आवळते; गेलेलं वय परत आणत नाही. रोज चोळली तर कातडी कोरडी पडून चुरचुरते ते वेगळंच. आणि सलूनमधला तो एकच खडा, जो गावातल्या प्रत्येक कापलेल्या गालावरून फिरून आपल्या गालावर येतो, त्याला तर लांबूनच नमस्कार. जुनं ते सोनं खरं, पण दुसऱ्याच्या रक्तानं माखलेलं नको.

खरं म्हणजे मला बोलायचा फारसा हक्क नाही. आमचे अण्णा दाढी झाली की पितळी डबीतला तुरटीचा खडा भिजवून गालावर फिरवत. खडा झिजून सुपारीएवढा झाला की वाण्याकडून दुसरा. कॉलेजात गेल्यावर मला त्या डबीची लाज वाटायला लागली. पहिल्या पगारात मी निळ्या पाण्याची आफ्टरशेव्हची बाटली आणली आणि डबी माळ्यावर टाकली. अण्णा काही बोलले नाहीत. आपण इतकी वर्षं 'मिनरल क्रिस्टल' वापरतोय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

"मग परत करू का?" कन्येनं विचारलं.

"राहू दे. वापर. फक्त डबीवरची ती चिठ्ठी काढून टाक."

तिनं चिठ्ठी काढली. मी माळ्यावर चढून पितळी डबी शोधली. खडा तिच्यात अगदी मापात बसला.