बेटावरच्या चुली

समुद्र वाचवायचा म्हटल्यावर विरोध कोण करणार? मी तरी नाही. पण स्कॉटलंडच्या बेटांनी केला, आणि मैत्रिणींनो, मला तो पटला.

डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सरकारने प्रस्ताव मांडला. २०२६ पर्यंत १० टक्के समुद्र कडक संरक्षित करायचा. त्या पट्ट्यात मासेमारी बंद, मत्स्यशेती बंद, शेवाळ काढणंसुद्धा बंद. ट्रॉलरने तळ खरवडणारा आणि छोट्या होडीतून पिंजरे टाकून खेकडे धरणारा, दोघांना एकच न्याय!

आउटर हेब्रिडीजसारख्या बेटांवर दुसरं काम आहेच किती? होडी विकली की फक्त नवऱ्याचं काम जात नाही. मासळी साफ करून भरण्याच्या कारखान्यातलं बायकांचं कामही जातं. मग तरुण जोडपी मुलंबाळं घेऊन बाहेर पडतात, पट रिकामा होतो, शाळेला कुलूप लागतं. आपल्याला हे समजावून सांगायला नको. पूर्वी जमीनदारांनी मेंढ्यांसाठी तिथली कुटुंबं हुसकावली होती, ती आठवण अजून बुजलेली नाही. ‘स्किपिनिश’ या बँडने प्रस्तावावर गाणं केलं, त्याचं नावच मुळी ‘पुन्हा तीच हकालपट्टी’ अशा अर्थाचं. सत्ताधारी पक्षाच्याच फर्गस युइंग यांनी तर संसदेत प्रस्तावाचे कागद फाडले. जून २०२३ मध्ये सरकारने माघार घेतली.

मासे संपले तर पहिला फटका बेटालाच, हे खरंच. बंदी कुठेच नको, असं मी म्हणणार नाही. पण कुठे आणि किती, हे रोज त्या पाण्यात जाणाऱ्यांना आधी विचारायला नको? तिथे १० टक्क्यांचा आकडा २०२१ मध्ये ग्रीन पक्षाशी झालेल्या समझोत्यातच ठरून गेला होता.