निशाण, दप्तर आणि पाहुण्यांचे पान

वाचकहो, आपल्या बेटाला मॉरिशस हे नाव डच खलाशांनी १५९८ साली दिले. जावाहून ऊसही त्यांनीच १६३९ साली येथे आणला. १७१० साली ते बेट सोडून निघून गेले. त्यांच्या देशातली, नेदरलँड्समधली, एक चाल आज आपण पाहण्यासारखी आहे.

तिकडे माध्यमिक शाळेची शेवटची परीक्षा मे महिन्यात होते आणि जूनमध्ये निकाल लागतो. मुलगा किंवा मुलगी पास झाली की घरचे लोक दारावर राष्ट्रीय निशाण लावतात आणि त्याच्या काठीला मुलाचे शाळेचे दप्तर अडकवतात. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला लगेच कळते की या घरात आनंद आहे. शेजारी येऊन मुलाचे अभिनंदन करतात, तसेच आईबापांचे व भावंडांचेही करतात. या आनंदाला एक पैसा लागत नाही.

मग घरी पाहुणे येतात. साधारण डच घरात केक, चीजचे तुकडे, शेंगदाणे, थोडे तळलेले पदार्थ आणि सरबत असते. पानावर सात भाज्या वाढणाऱ्या आपल्या लोकांना हे कमी वाटेल. पण त्याच देशात आपल्यासारखेच जहाजाने गेलेल्यांचे वंशजही राहतात. १८७३ ते १९१६ या काळात सुमारे ३४ हजार हिंदी मजूर कलकत्त्याहून सुरीनामला गेले. १९७५ साली सुरीनाम स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांच्यातली बरीच कुटुंबे नेदरलँड्सला आली. हेग शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या घरच्या समारंभात उडदाच्या पिठाचा बारा आणि चटणी असते. पिवळ्या डाळीचे सारण भरलेली रोटी, बटाट्याची भाजी आणि लांब शेंगांची भाजीही असते. आपली दालपुरी खाणाऱ्याला हे ताट परके वाटणार नाही. यातले काहीच महाग नाही, आणि पाहुणा पोटभर जेवून जातो.

आपल्याकडे काय होते? मुलगा एच.एस.सी. पास झाला की मंडप, भाड्याची भांडी आणि दोनशे माणसांचे जेवण. ज्या पैशात त्याची पुढची पुस्तके आली असती, ते एका दुपारी संपतात. काही घरांत तर त्यासाठी कर्जही काढतात. १९७७ पासून आपल्या देशात माध्यमिक शिक्षण मोफत झाले, ते गरिबाच्या मुलाला शिकता यावे म्हणून. फी वाचली आणि ती पंगतीत गेली, असे होऊ नये.

म्हणून एक साधा बेत सांगतो. तीस माणसे धरा. अडीच किलो तांदूळ, दीड किलो काबुली चणे, तीन किलो बटाटे, दोन किलो काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि एक किलो रव्याचा शिरा पुरे होतो. दालपुरी करणार असाल तर तांदूळ निम्मे घ्या. माणशी दोन गातो-पिमां ठेवा. चणे आदल्या रात्री भिजत घाला, चटणी आदल्या दिवशी वाटून फ्रीजमध्ये ठेवा. भात मात्र शेवटी शिजवा. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असे डच लोकांना त्यांची पोषण-संस्था सांगते. आपल्या उन्हाळ्यात तर ते जास्तच पाळले पाहिजे.

पाहुण्यांना एकाच वेळी बोलावू नका. चार ते आठच्या दरम्यान केव्हाही या, असे सांगा. मग दहा-दहा माणसे येतील, अन्न थोडे थोडे गरम करता येईल, मोठी भांडी भाड्याने आणावी लागणार नाहीत. काकूंना भाजी आणू द्या, मावशींना कोशिंबीर. पास झालेल्या मुलाने स्वतः बटाटे सोलावेत. ज्या आईने पहाटे उठून इतकी वर्षे त्याचा डबा भरला, तिने या दिवशी चुलीपाशीच उभे राहावे हे बरे नव्हे. पाहुण्यांत बसून तिने अभिनंदन घ्यावे.

आणखी एक गोष्ट. ज्या गल्लीत दप्तरे लटकतात, तिथे एखाद्या घरावर निशाण नसते. तिकडे थोडक्यात राहिलेल्या मुलाला एखाद्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते, आणि तो त्या दिवसांत मान खाली घालून अभ्यास करीत असतो. आपल्या गावातही असा मुलगा असतो. मोठ्या मेजवानीचा गाजावाजा त्याच्या घरापर्यंत ऐकू जातो. साध्या जेवणाला त्याला हाक मारता येते, आणि तोही संकोच न करता येऊ शकतो. त्याला आधी बोलावा, निकालाची गोष्ट काढू नका, आणि ताटात दालपुरी जास्त वाढा.

मुलाने केलेल्या मेहनतीचा मान पदार्थांच्या संख्येवर ठरत नाही. पुढच्या निकालाच्या वेळी, बंधुभगिनींनो, जेवणाची यादी करण्याआधी त्याच्या पुढच्या वर्षाच्या खर्चाची यादी करा. ती रक्कम बाजूला ठेवून जे उरेल, त्यात दाळ, भात, भाजी आणि शिरा आनंदाने होतो.